संगणक मुका होतो तेव्हा

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या आपल्या प्रणालीचा नेहमीचा आधार काढून घेतला. घरोघरी आणि शाळाशाळांतून जे संगणक आठ-आठ, दहा-दहा वर्षे निमूटपणे राबत होते, त्यांपैकी कितीतरी यंत्रांवर पुढची विंडोज ११ ही प्रणाली रीतसर बसण्याजोगी नव्हती. मग कोठे घरातल्या महाविद्यालयीन मुलाने, कोठे शेजारच्या एखाद्या हौशी गृहस्थाने त्या यंत्रावर लिनक्स बसवून दिले. यंत्र पूर्वीपेक्षा चपळ झाले, पत्रे लिहिता येऊ लागली, छायाचित्रे दिसू लागली, सारे यथास्थित. आणि संध्याकाळी आजोबांनी अभंग लावावयास सांगितले तेव्हा ध्यानात आले, की पडद्यावर गवयाचे ओठ हालत आहेत, तबलजीचा हातही चालतो आहे. आवाज तेवढा नाही.

अशा वेळी माणसे काय करतात ते पाहण्यासारखे असते. कोणी नवे स्पीकर विकत आणतो. कोणी संपूर्ण प्रणाली पुसून पुन्हा बसवितो, आणि आवाज तरीही येत नाही म्हणून लिनक्सलाच दोष देतो. कोणी इकडून तिकडून दहा उपाय गोळा करून ते एकापाठोपाठ एक यंत्राला पाजतो. त्यामुळे मूळ बिघाड कोणता आणि उपायांनी केलेला बिघाड कोणता, हेच पुढे कळेनासे होते. वास्तविक लिनक्सवरील आवाजाच्या बहुतेक तक्रारींत काहीही मोडलेले नसते. आडात पाणी असते आणि पोहऱ्यात ते येत नसते, इतकेच. शेताला पाणी पोहोचले नाही तर जाणता शेतकरी नवी विहीर खणावयास घेत नाही. तो पाटाच्या कडेने चालू लागतो आणि कोणते दारे बंद राहिले ते पाहतो. आपणही तेच करावयाचे आहे. त्यासाठी पाट कोठून कोठे जातो, हे मात्र आधी ठाऊक असले पाहिजे.

हा पाट एका दिवसात बांधला गेलेला नाही. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचे कर्नल लिहावयास घेतले. (हा कर्नल सैन्यातला नव्हे, कर्नल म्हणजे गाभा, यंत्राच्या अवयवांशी थेट बोलणारा प्रणालीचा भाग.) साउंड कार्डाशी बोलण्याची पहिली व्यवस्था पुढे अपुरी वाटू लागली, तेव्हा यारोस्लाव्ह किसेला या चेक संगणकतज्ज्ञाने १९९८ मध्ये अल्सा नावाची नवी व्यवस्था उभारण्यास आरंभ केला. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या कर्नलच्या २.६ या आवृत्तीपासून ती लिनक्सचे अंग बनली, आणि आजही साउंड कार्डाशी प्रत्यक्ष संभाषण करते ती हीच अल्सा. परंतु घरात एकच नळ आणि भांडी भरणारी माणसे चार, अशी पुढची अडचण होती. गाणे चालू आहे, तेवढ्यात पत्र आल्याची घंटी वाजावयाची आहे, कोणी दूरध्वनीसारखे बोलू पाहत आहे; या सर्वांचे आवाज एकत्र मिसळून, प्रत्येकाची पट्टी वेगवेगळी ठेवून ते योग्य त्या यंत्राकडे पाठविणारा कारभारी हवा होता. लेनार्ट पोटरिंग याने २००४ च्या सुमारास सुरू केलेला पल्सऑडिओ हा तो कारभारी. २००७ साली फेडोरा ८ मध्ये आणि २००८ साली उबंटू ८.०४ मध्ये तो आला, आणि आल्या आल्या त्याच्याविरुद्ध इतकी ओरड झाली, की काही काळ आवाजाच्या कोणत्याही तक्रारीला ‘पल्सऑडिओ काढून टाका’ हे एकच उत्तर मिळत असे. पुढे तो स्थिरावला. मग विम टायमन्स याचा पाइपवायर आला. २०२१ मध्ये फेडोरा ३४ ने आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये उबंटू २२.१० ने आवाजाचा कारभार त्याच्याकडे सोपविला.

हा इतिहास सांगण्याचे कारण व्यवहारातले आहे. उपाय सुचविणारी माणसे आणि त्यांनी लिहून ठेवलेली टिपणे या तिन्ही पिढ्यांतली असतात. २००९ सालचा उपाय आजच्या यंत्रावर करणे म्हणजे ज्या कारभाऱ्याने केव्हाच नोकरी सोडली त्याच्या नावे अर्ज करण्यासारखे आहे. म्हणून कोणी उपाय सांगितला की तो कोणत्या सालचा आहे, हे आधी विचारावे. पल्सऑडिओ काढून टाकण्याचा सल्ला तर आज मुळीच मानू नये.

आता पाटाच्या कडेने चालावयाचे. माझ्या मते सुरुवात कानाकडून करावी, कारण तिकडची तपासणी फुकट होते आणि दोन मिनिटांत संपते. स्पीकरची तार संगणकातून काढून मोबाइलमध्ये किंवा रेडिओत लावून पाहावी. तेथे आवाज आला तर स्पीकर निर्दोष ठरले. नंतर तार कोणत्या छिद्रात आहे ते पाहावे. टेबलावरच्या संगणकाच्या पाठीमागे बहुधा तीन रंगीत छिद्रे असतात: हिरवे स्पीकरसाठी, गुलाबी मायक्रोफोनसाठी आणि निळे बाहेरून आवाज आत घेण्यासाठी. अंधाऱ्या कोपऱ्यात हात घालून तार खुपसली की ती निळ्यात जाणे काही अवघड नाही. पेटीच्या पुढल्या बाजूस जे छिद्र असते त्यावर तर विश्वासच ठेवू नये. ते आतून एका वेगळ्या तारेने मुख्य फलकाशी जोडलेले असते, आणि संगणक जुळविणाऱ्याने ती तार जोडण्याचा कंटाळा केला, की पुढले छिद्र केवळ शोभेपुरते उरते. आपल्याकडे, बेळगाव-खानापूर भागात, चार महिने हवेत ओल असते. छिद्रातली धातूची पट्टी काळवंडते. तार पाच-सात वेळा आत-बाहेर केली असता खरखर होऊन आवाज परतला, तर रोग तोच समजावा. आणखी एक बाब मोबाइलच्या इअरफोनची. त्याच्या एकाच टोकात ऐकणे आणि बोलणे दोन्ही असतात, टेबलावरच्या जुन्या संगणकात ती दोन कामे दोन छिद्रांत वाटलेली असतात. म्हणून असा इअरफोन हिरव्या छिद्रात लावल्यास ऐकू येते, पण आपले बोलणे पलीकडे जात नाही. नातवाशी बोलताना ‘आजी, तुझा आवाज येत नाही’ असे ऐकावे लागते त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. त्याला दोन टोकांची जोडतार मिळते. ती लावावी आणि निश्चिंत व्हावे.

तारा ठीक असतील तर सेटिंगमधील ‘साउंड’ या पानावर यावे. तेथे ‘आउटपुट’ या शब्दापुढे आवाज कोणत्या दिशेने जात आहे ते लिहिलेले असते, आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक तक्रारी येथेच मिटतात. पडदा एचडीएमआय तारेने जोडलेला असेल तर त्या तारेतून चित्राबरोबर आवाजही जाऊ शकतो. म्हणून संगणकाच्या दृष्टीने पडदा हाही एक स्पीकरच असतो. पुष्कळ पडद्यांना स्पीकर नसतात, परंतु संगणक बिचारा आपला तिकडेच गाणे पाठवीत बसतो. तेथे ‘लाइन आउट’, ‘हेडफोन्स’ किंवा ‘अॅनलॉग’ असा शब्द असलेली दिशा निवडावी आणि चाचणीचे बटण दाबावे. चाचणीचा आवाज आला, गाणे मात्र आले नाही, तर पाट मोकळा आहे, दारे त्या एका कार्यक्रमापुरते बंद आहे. कारभारी प्रत्येक कार्यक्रमाची पट्टी स्वतंत्र ठेवतो हे वर आलेच आहे. त्या पट्ट्या पाहण्यासाठी ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ नावाचा छोटा कार्यक्रम बसवून घ्यावा. नाव जुन्या कारभाऱ्याचे असले तरी तो नव्याकडेही तितकाच चालतो. गाणे चालू ठेवून त्याचे ‘प्लेबॅक’ हे पान उघडले की गाण्याच्या नावापुढे एक पट्टी नाचताना दिसते. पट्टी नाचते आहे आणि आवाज नाही, याचा अर्थ अडथळा पुढे आहे. पट्टीच निपचित आहे, याचा अर्थ अडथळा मागे, गाणे वाजविणाऱ्या कार्यक्रमातच आहे. एवढ्या एका नजरेने अर्धा पाट चालून झाला! त्याच्याच ‘कॉन्फिगरेशन’ या पानावर साउंड कार्डापुढे ‘ऑफ’ लिहिलेले नाही ना, तेही जाता जाता पाहावे.

पट्टी नाचते आहे, दिशा बरोबर आहे आणि तरीही निःशब्द शांतता, असे झाले म्हणजे अल्साच्या दारात जावे लागते. टर्मिनल नावाची काळी चौकट उघडून तीत ‘अल्सामिक्सर’ हा शब्द रोमन अक्षरांत, सलग आणि लहान लिपीत टंकावा. उभ्या खांबांची एक रांग समोर येते. पाइपवायर असलेल्या यंत्रावर आरंभी दिसतो तो कारभाऱ्याचाच खांब. खरे साउंड कार्ड पाहण्यासाठी वरच्या ओळीतील एफ-सहा ही कळ दाबून त्याचे नाव निवडावे लागते. ही गोष्ट न कळल्यामुळे ‘येथे तर सर्व ठीक आहे’ असे म्हणून माणसे परत फिरतात. कार्ड निवडल्यावर ‘मास्टर’, ‘हेडफोन’, ‘फ्रंट’ वगैरे खांब दिसतील. ज्या खांबाच्या पायथ्याशी दोनदा एम हे अक्षर आहे तो बंद. जेथे दोन शून्ये आहेत तो उघडा. बाणाच्या कळांनी खांबावर जाऊन एम दाबला की दारे उघडते. अल्सामध्ये मुळात बरेचसे खांब बंद ठेवण्याचीच रीत आहे, ते उघडणे हे प्रणालीच्या चालकांचे काम. एखाद्या यंत्रात एखादा खांब त्यांच्या नजरेतून सुटतो. याच रांगेत ‘ऑटो-म्यूट मोड’ असा एक खांब पुष्कळ यंत्रांत आढळतो. हेडफोन लावताच स्पीकर आपोआप गप्प व्हावेत अशी ती सोय आहे. परंतु पुढल्या छिद्रातली पट्टी वाकली असेल, तर हेडफोन नसतानाही तो आहे असे यंत्राला वाटत राहते आणि स्पीकर कायमचे मौन धरतात. त्या खांबावर जाऊन ‘डिसेबल्ड’ निवडावे.

राहिला तो सर्वांत खालचा प्रश्न: कर्नलला साउंड कार्ड दिसते तरी आहे काय? ‘साउंड’च्या पानावर ‘डमी आउटपुट’ असे शब्द असतील तर कारभाऱ्याच्या हाती एकही खरे कार्ड आलेले नाही असे समजावे. रिकाम्या खुर्चीवर त्याने बाहुले बसविले आहे. टर्मिनलमध्ये ए, पी, एल, ए, वाय ही पाच अक्षरे सलग, नंतर एक मोकळी जागा, मग लहान आडवी रेघ आणि तिला चिकटून एल, असे टंकले की कर्नलला दिसणाऱ्या कार्डांची यादी मिळते. यादीत कार्ड आहे आणि वर मात्र डमी, तर दोष कारभाऱ्याकडे. लॉग-आउट करून पुन्हा आत यावे. तेवढ्याने भागले नाही तर त्याच संगणकावर एक नवा वापरकर्ता निर्माण करून त्याच्या नावे आत जावे. तेथे आवाज आला तर यंत्र, कर्नल आणि प्रणाली तिन्ही निर्दोष असून दोष आपल्या खात्यात साठलेल्या जुन्या निवडीत आहे. यादीतच कार्ड नसेल तर संगणक पूर्ण बंद करून विजेची तार काढावी, मिनिटभर थांबावे आणि पुन्हा चालू करावा. ज्या यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही नांदतात तेथे हा उपाय विशेष लागू पडतो, कारण विंडोज पुष्कळदा पूर्णपणे बंद न होता अर्धवट झोपते. इतक्यानेही कार्ड दिसले नाही, तर लिनक्सची ताजी आवृत्ती पेनड्राइव्हवर घेऊन, काहीही न बसविता, तीवरूनच यंत्र चालू करून पाहावे. तेथे आवाज आला तर प्रणाली अद्ययावत करण्यात अर्थ आहे. तेथेही नाही, तर बायोसमध्ये साउंड कार्ड बंद केलेले नाही ना ते बघून मगच दुरुस्तीवाल्याचा उंबरठा चढावा.

येथवरचे विवेचन गाणे ऐकू न आल्याचे झाले. गाणे एक दिवस ऐकले नाही म्हणून कोणाचे मोठे नुकसान होत नाही. परंतु काही घरांत आणि काही वर्गांत संगणकाचा आवाज ही चैन नसते. आमच्या शाळेत नवव्या इयत्तेत एक विद्यार्थिनी आहे, तिला जन्मापासून दिसत नाही. संगणककक्षातल्या कोपऱ्यातील यंत्रावर ती ओर्का या कार्यक्रमाच्या आधारे काम करते. पडद्यावर जे जे लिहिलेले आहे ते ओर्का वाचून दाखवितो. २००६ सालापासून तो ग्नोम या लिनक्सच्या प्रसिद्ध मांडणीबरोबरच येतो, आणि उबंटूवर विंडोजच्या खुणेची कळ, ऑल्ट आणि एस या तीन कळा एकत्र दाबल्या की बोलू लागतो. त्याच्यामागे ईस्पीक-एनजी हा उच्चार घडविणारा कार्यक्रम असतो. त्याला मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही भाषा येतात, ही आम्हा सीमाभागातल्या लोकांना केवढी सोय! त्याचे मराठी कानाला लोखंडी वाटते. ‘च’ आणि ‘ज’ यांचे आपण जे दोन-दोन उच्चार करतो त्यांचा भेद लिपीत नसल्यामुळे यंत्राने तो ओळखावा तरी कसा? पण मुलीची त्याबद्दल तक्रार नाही. तिला हवा असतो तो वेग, आणि आपल्याला ज्यातला एक शब्द कळणार नाही अशा वेगाने ती ते ऐकते.

अशा मुलीच्या बाबतीत ‘आवाज येत नाही’ याचा अर्थ पडदा काळा झाला असा आहे. शिवाय आपण वर जे जे उपाय पाहिले ते सर्व डोळ्यांचे: पान उघडा, दिशा निवडा, खांब पाहा. दारे बंद असताना ते उघडण्याचा मार्गच तिला उरत नाही. म्हणून तिच्या यंत्राच्या बाबतीत काही पथ्ये आम्ही ठरवून टाकली आहेत. त्या यंत्राला एचडीएमआय तारेने पडदा जोडावयाचा नाही, म्हणजे दिशा बदलण्याचा प्रश्नच उरत नाही. पुढल्या छिद्रात काहीही लावावयाचे नाही. तास संपल्यावर साऱ्या यंत्रांचे आवाज बंद करीत जाण्याची शिक्षकांची जी सवय असते, तीतून हे एक यंत्र वगळावयाचे. आणि कळफलकावर आवाज वाढविण्याच्या व मौनाच्या स्वतंत्र कळा आहेत असाच कळफलक तिला द्यावयाचा, म्हणजे कोणी चुकून मौनाची कळ दाबली तर तिला ती बोटांनी सापडते.

या मुलीनेच एक असा दोष दाखवून दिला, जो डोळस माणसाच्या कधीच ध्यानात आला नसता. विधाने सत्य की असत्य ते लिहा, या प्रश्नाच्या सरावात तिला छापील उत्तरे अधूनमधून उलटी ऐकू येत. ‘असत्य’ लिहिले असेल तेथे तिला ‘सत्य’ ऐकू येई. ‘अशक्य’चे ‘शक्य’ होई, ‘अपूर्ण’चे ‘पूर्ण’. आरंभीचा ‘अ’ गळत होता, आणि मराठीत त्या एका अक्षरावर साऱ्या अर्थाचा भार असतो. कारण असे, की वीज वाचविण्यासाठी आवाजाची यंत्रणा थोड्याशा शांततेनंतर झोपी जाते. पाइपवायरच्या व्यवस्थेत हा अवधी मुळात पाच सेकंदांचा असतो, आणि त्याच्याखाली साउंड कार्डाचीही अशीच एक स्वतंत्र झोप असते. नवा शब्द आला की यंत्रणा दचकून जागी होते. तेवढ्या क्षणार्धात पहिले अक्षर निघून जाते. गाण्याच्या आरंभीचा तंबोऱ्याचा क्षण गेला तर कोणाला कळते? परंतु एकेक शब्द थांबून थांबून ऐकणाऱ्याला तो दर वेळी भोगावा लागतो. निदान सोपे आहे. मागे एखादे वाद्यसंगीत अगदी मंद पट्टीत चालू ठेवून तोच मजकूर वाचवून घ्यावा. मग ‘अ’ पूर्ण ऐकू आला, तर दोष झोपेचा. उपायही दुहेरी आहे: वायरप्लंबर हा जो पाइपवायरचा मुकादम, त्याच्या मांडणीत झोपेचा अवधी शून्य करावा, म्हणजे तो यंत्रणेला झोपवीतच नाही, आणि कर्नलच्या इंटेल ध्वनिचालकाची ‘पॉवर सेव्ह’ ही किंमतही शून्य लिहून ठेवावी. यासाठी प्रशासकाचा परवलीचा शब्द लागतो, म्हणून हे काम जाणकार तरुणाकडून करवून घ्यावे. पण काय करावयाचे ते त्याला नेमके सांगावे, कारण डोळस तरुणाला हा दोष बहुधा ऐकूच येणार नाही.

एक निराळी तक्रार याच्यासारखीच भासते, तिचाही उल्लेख करतो. इंग्रजी शब्द स्वच्छ ऐकू येतात आणि मराठी मजकूर आला की ओर्का काहीतरी बरळतो किंवा गप्पच बसतो. येथे पाटात कोठेही अडथळा नाही. वाचणारा आवाज इंग्रजी निवडलेला आहे, एवढेच. ओर्काच्या सेटिंगमध्ये ‘व्हॉइस’ या पानावर भाषा मराठी केली की काम झाले. याकरिता साउंड कार्ड बदलावयास निघालेले एक गृहस्थ मला ठाऊक आहेत.

संगणककक्षात आम्ही प्रत्येक यंत्रामागे वहीचे एक पान ठेवले आहे. त्यावर लिनक्सचे नाव व आवृत्ती, कार्डांच्या यादीत दिसणारे नाव, आउटपुटची योग्य दिशा, तार कोणत्या छिद्रात आहे, आणि काही बदल केला असल्यास तो कोणी व कोणत्या तारखेस केला, एवढे लिहिलेले असते. घरच्या संगणकासाठीही असे पान लिहून पेटीच्या बाजूस चिकटवावे. दूरच्या गावी असलेल्या मुलाला किंवा भाच्याला फोनवरून मदत मागावयाची झाल्यास पहिल्या पाच मिनिटांत तो हेच प्रश्न विचारतो, आणि त्या वेळी पाठीमागे वाकून छिद्राचा रंग पाहण्याचे श्रम तरी वाचतात.